खो मिळाल्याशिवाय

संपदाच्या हातून गेल्या वर्षी जी चूक झाली, ती न्यूझीलंडमध्ये दुसऱ्या कुणाच्या हातून होणं शक्यच नव्हतं. तशी चूक करायला माणूस कराडचा असावा लागतो आणि त्याची आई खो-खो शिकवणारी असावी लागते.

झालं ते असं. संपदा वेलिंग्टनच्या विद्यापीठात भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. करायला आली आणि पहिल्याच वर्षी मुलींच्या रिले संघात तिची वर्णी लागली. आंतरविद्यापीठ स्पर्धेत चार जणींनी चारशे-चारशे मीटर धावायचं होतं आणि शेवटचा टप्पा संपदाचा होता. बॅटन हातात आलं, दहा-बारा पावलं गेली आणि ते घामट बोटांतून निसटून ट्रॅकवर पडलं. पडलं तर पडलं. ज्याच्या हातून पडलं त्याने मागे फिरून उचलायचं आणि पुन्हा पळायला लागायचं, हा नियम शाळकरी पोरांनाही ठाऊक असतो, संपदालाही होता. पण नियम डोक्यात असतो आणि सवय पायात. खो-खोत एकदा दिशा घेतली की मागे वळणं म्हणजे फाउल, आणि वयाच्या आठव्या वर्षापासून तिच्या पायांना हेच एक शास्त्र शिकवलेलं. पाय वळले नाहीत. रिकाम्या हाताने तिने अख्खी फेरी मारली, सगळ्यांच्या आधी रेषा ओलांडली आणि मग मागे पाहिलं. प्रेक्षक हसत होते, आणि एक पंच ते बॅटन घेऊन संथपणे तिच्याकडे चालत येत होता. संघ बाद झाला.

संघाची कप्तान अरोहा. वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआची मुलगी, कायद्याची विद्यार्थिनी, बोलणं मोजकं आणि मोजलेलं. मैदानावर ती काही बोलली नाही. परतीच्या बसमध्ये शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "आमच्यात सगळ्यांत वेगवान तू आहेस, संपदा. पण पडलेलं उचलायला जी परत जाणार नाही, तिच्यावर मी तीन मुलींची मेहनत सोपवू शकत नाही." यात खोडून काढण्यासारखं काहीच नव्हतं. नवा मोसम सुरू झाला तसा संपदाचा मुक्काम राखीव खेळाडूंत हलला. राखीव म्हणजे काय, तर घड्याळ धरा, पाण्याच्या बाटल्या भरा आणि सराव संपला की मैदानावरचे नारिंगी शंकू गोळा करा.

हे सगळं तिने सोसलं असतं. सोसवत नव्हता तो रविवारचा फोन.

तिची आई, लीलाबाई, कराडच्या कन्याशाळेत क्रीडाशिक्षिका. एके काळी राज्याच्या संघातून खेळलेली, आणि आता पन्नाशी उलटल्यावरही पहाटे सहाला शिट्टी गळ्यात अडकवून मैदानावर हजर. त्या स्पर्धेनंतरच्या रविवारी आईने विचारलं, "काय झालं गं रिलेचं?" संपदा म्हणाली, "हरलो." हे खरं होतं. आई म्हणाली, "हरण्याचं काही नाही. संघात आहेस ना पुढच्या वर्षी?" संपदा म्हणाली, "आहे." तेवढा एक शब्द. एक खोटं झाकायला शंभर खोटी बोलावी लागतात म्हणतात, ते काही उगाच नाही. सराव कसा चाललाय, नवे बूट घेतलेस का, कप्तान काय म्हणते, अशा प्रत्येक प्रश्नाला तिच्याजवळ उत्तर तयार असे, आणि फोन ठेवला की तिला स्वतःचीच चीड येई. असे दहा महिने गेले.

सप्टेंबरात मात्र दार किलकिलं झालं. संघातली एक मुलगी शिक्षण आटोपून, इथल्या रिवाजाप्रमाणे जग बघायला म्हणून लंडनला निघून गेली आणि एक जागा रिकामी झाली. ब्रायन हा विद्यापीठाच्या धावण्याच्या क्लबाचा प्रशिक्षक. सत्तरीचा निवृत्त मास्तर, हिवाळ्यातही अर्ध्या चड्डीत वावरणारा. त्याने सांगून टाकलं, "यंदा निवड जुन्या शर्यतीवर. त्या दिवशी संघाबाहेरच्यांपैकी जिची फेरी सगळ्यांत कमी वेळात होईल, तिचं नाव मी अरोहापुढे ठेवेन. हो किंवा नाही अरोहा म्हणेल." डिसेंबरात डनीडिन शहरात यंदाची आंतरविद्यापीठ स्पर्धा होती आणि संपदाची पदवी फेब्रुवारीत पुरी होत होती. म्हणजे संधी ही एकच. हुकली तर आईला सांगितलेलं खोटं कायमचं खोटंच राहणार होतं.

जुनी शर्यत म्हणजे त्या क्लबाचं दैवत. एकोणीसशे नऊ साली ती पहिल्यांदा झाली. तेव्हाची मुलं दिवसा वकिलांकडे नाही तर सरकारी कचेऱ्यांत कारकुनी करायची, संध्याकाळी वर्गात बसायची आणि शनिवारी दुपारी गुडघ्याखाली येणाऱ्या विजारी घालून धावायची. त्यांनी नियम एका जाड पुठ्ठ्याच्या वहीत लिहून ठेवले आणि आजही सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी शर्यत त्याच नियमांनी होते. ट्रॅकवर नाही, गवतावर चुन्याच्या रेषा आखून. मीटरमध्ये नाही, यार्डांत. एका फेरीचे चारशे चाळीस यार्ड, विज्ञान, कला, कायदा आणि वाणिज्य असे चार संघ, प्रत्येकात चार जण. त्या काळी मुलीही कॉलेजात होत्या, पण त्यांच्या वाट्याला धावणं नव्हतं, 'चहा समिती' होती. आता मुलींची शर्यत आधी होते आणि चहा समितीत फक्त मुलगे असतात. हा बदल कुणी ठराव मांडून केला नाही. एका वर्षी मुलींनी किटल्या खाली ठेवल्या आणि पायांत बूट चढवले, एवढंच.

पण शर्यतीतली खरी गंमत वेगळीच. बॅटन नाही. पुढची धावपटू रेषेवर पाठमोरी उभी राहते, तिने मागे बघायचं नाही. मागून येणारीने तिच्या अंगाला हात लावायचा, की ही सुटली. हात लागला की नाही हे बघायला तिथे पंच नसतो. त्या कारकून पोरांना वाटलं की विद्यार्थ्याच्या शब्दावर पंच नेमणं हा त्याचा अपमान आहे. म्हणून शर्यत संपल्यावर वही उघडतात आणि हात घेणाऱ्या प्रत्येक धावपटूला विचारतात, तुला हात लागला होता का? 'हो' आणि 'नाही' असे दोन रकाने आहेत. एक जरी 'नाही' आलं तर संघ बाद. शंभरावर वर्षं झाली, 'नाही'चा रकाना कोरा आहे. इतक्या वर्षांत एकाचाही हात चुकला नाही, यावर ज्याला विश्वास ठेवायचा असेल त्याने ठेवावा.

गेल्या सप्टेंबरात संपदा खडक गोळा करायला ज्वालामुखीच्या पठारावर गेली होती, त्यामुळे ही शर्यत तिने पाहिली नव्हती. ब्रायनने नियम वाचून दाखवले तेव्हा तिला हसूच आलं. पाठमोरं उभं राहायचं, मागे बघायचं नाही, पाठीवर हात पडला की सुटायचं. हे तर तिने लहानपणापासून, मातीत उकिडवं बसून, हजारो वेळा केलेलं. गोऱ्या पोरांनी शंभर वर्षांपूर्वी तिच्यासाठीच ही शर्यत आखून ठेवली असावी असं तिला वाटलं. तिने मनाशी ठरवून टाकलं की डनीडिनचं तिकीट आपलंच.

शनिवारी सकाळी राहत्या जॉन्सनव्हिल उपनगरातून ती रेल्वेने निघाली तेव्हा ऋचा सोबत होती. ऋचा इथेच जन्मलेली, आईवडील पुण्याहून आलेले आणि दोघंही आयटीत. पोरगी जीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीतून यायचं. रिले संघात तिची जागा पक्की होती आणि आजच्या शर्यतीत ती विज्ञानाकडून तिसरा टप्पा धावणार होती. म्हणजे संपदाच्या पाठीवर हात ठेवायचं काम तिचं.

"हे बघ," संपदा तिला गाडीत समजावत होती, "आवाज आणि हात एकदम आला पाहिजे. आधी ओरडायचं नाही. हात पडतो त्याच क्षणी ओरडायचं. आमच्यात नुसता आवाज दिला तर त्याला खो म्हणतच नाहीत."

"ताई, यू आर सो इंटेन्स," ऋचा केळं सोलत म्हणाली. "इट्स अ फन रन. देअर आर स्कोन्स विथ द टी."

"तुझ्यासाठी फन रन. माझं सगळं यावर आहे."

ऋचाने केळं खाणं थांबवलं. संपदाच्या तोंडून 'माझं सगळं' असं काही तिने याआधी ऐकलं नव्हतं. "ओके," ती म्हणाली. "व्हॉइस ॲण्ड हॅण्ड. टुगेदर. आय गॉट यू."

मैदानावर वारा होता. वेलिंग्टनमध्ये वारा होता असं सांगणं म्हणजे समुद्रात पाणी होतं असं सांगण्यासारखं आहे, पण त्या दिवशीचा जरा जास्तच होता आणि उत्तरेकडून, नेमका पाठीवर येणारा होता. चहा समितीच्या मुलांचा तंबू एकदा उडाला, मग त्यांनी त्याच्या चारही कोपऱ्यांना आपापली दप्तरं बांधली. बघायला आलेली बहुतेक मंडळी त्याच तंबूच्या आडोशाला गोळा झाली होती आणि तंबू होता मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला. रेषेजवळ ब्रायन तेवढा दोन्ही हातांत घड्याळं घेऊन बसला होता, फेऱ्यांच्या वेळा टिपायला.

"किया ओरा," अरोहा संपदाजवळ येऊन म्हणाली. तो तिचा माओरी रामराम. कायद्याच्या संघाचा शेवटचा टप्पा तिचा होता, म्हणजे दोघी शेजारी-शेजारी उभ्या राहणार होत्या. "आज बॅटन नाही. तुझ्यासाठी बरंच आहे."

हा टोमणा होता की धीर, ते अरोहाच्या चेहऱ्यावरून कधीच कळायचं नाही. संपदा म्हणाली, "आज तू माझ्या पाठीकडे बघत धावणार आहेस."

"बघू," अरोहा म्हणाली आणि बुटांच्या नाड्या आवळायला खाली वाकली.

शर्यत सुटली. पहिल्या दोन फेऱ्यांत विज्ञानाच्या मुली बरोबरीने होत्या आणि तिसऱ्या फेरीत ऋचाने कमाल केली. फन रन म्हणणारी ती पोर जीव तोडून पळाली. शेवटच्या वळणावर ती कायद्याच्या मुलीच्या पंधरा यार्ड पुढे होती, आणि मग एकाएकी तिच्यातली हवा निघून गेली. अर्थात संपदाला यातलं काही दिसत नव्हतं. ती रेषेवर पाठमोरी उभी होती, नजर समोर, सगळा जीव पाठीत. तिला पावलं ऐकू आली, धापा ऐकू आल्या, मग ऋचाचा "गो" असा घशातून फाटलेला आवाज आला. त्याच क्षणी वाऱ्याचा झोत आला आणि बनियन पाठीवर सपकन बसलं. संपदा सुटली.

काय सुटली होती ती. आठ पावलांत तिने पूर्ण वेग पकडला. समोर मोकळं गवत, मागे कुणाचा मागमूस नाही. आणि अकराव्या की बाराव्या पावलाला तिच्या पाठीने तिला सांगितलं की हात लागलेला नाही.

खो पडला की पाठीवर काही क्षण हुळहुळ राहते. पंजा कुठे पडला, किती जोराचा पडला, बोटं डाव्या अंगाला होती की उजव्या, हे सगळं पाठीला कळतं. चौदा वर्षांत तिच्या पाठीला कधी चुकलं नव्हतं. आणि आता पाठ थंड होती. लागलं होतं ते बनियन, आणि ते बनियन वाऱ्याने लावलं होतं.

कुणाला कळणार नव्हतं. रेषेवर पंच नव्हता, मंडळी तंबूत होती, ब्रायन घड्याळाकडे बघत होता, आणि ऋचाला स्वतःलाही आपला हात पोचला असंच वाटत असणार. पण शर्यत संपल्यावर वही उघडली जाणार होती आणि तिला विचारलं जाणार होतं. तिथे 'नाही' म्हटलं तर चौघी बाद. 'हो' म्हटलं तर डनीडिन. नुसता एक शब्द. दहा महिन्यांपूर्वी फोनवर बोलली होती तेवढाच.

विचार करायला यापेक्षा जास्त वेळ नव्हता. पाय पुढेच चालले होते, ते पुढेच जाणार होते, त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. मोठ्या धरणाचं दार बंद करावं तशी सगळी ताकद लावून तिने ते थांबवले. गवतात बुटांचे खिळे रुतले, उजवा पाय मुरगळता मुरगळता वाचला. आणि संपदा मागे वळली.

ती परत रेषेकडे धावत सुटली तेव्हा समोरून अरोहा येत होती. तिला आत्ताच हात मिळाला होता. दोघी एकमेकींजवळून गेल्या आणि अरोहाने, जी धावताना कधी इकडेतिकडे बघत नाही, मान वळवून पाहिलं. रेषेवर ऋचा गुडघ्यांवर बसून धापा टाकत होती. तिला काही कळेना.

"हात लागला नाही," संपदा ओरडली आणि रेषेवर तिच्याकडे पाठ करून उभी राहिली. "मार."

ऋचाने गुडघ्यांवरूनच हात उचलला आणि जेवढी होती तेवढी ताकद काढून तिच्या कमरेवर थाप मारली. आवाज आणि हात, दोन्ही एकदम. ब्रायनने दुसरं घड्याळ दाबलं.

तोवर कला आणि वाणिज्य दोन्ही पुढे गेले होते. विज्ञान सगळ्यांत शेवटी, अरोहापासून पंचवीसेक यार्ड मागे. अशा वेळी माणूस एक तर सोडून देतो, नाही तर चवताळतो. संपदा चवताळली. तिला राग आला होता, वाऱ्याचा, ऋचाचा, स्वतःच्या पाठीचा आणि या मैदानावर गेल्या दहा महिन्यांत तिने गोळा केलेल्या एकूण एक शंकूचा. वाणिज्यची मुलगी तिने पहिल्या वळणावर गाठली. कलेची मुलगी तंबूसमोर मागे पडली, तेव्हा चहा समितीच्या मुलांनी किटल्यांची झाकणं वाजवली. शेवटच्या सरळ पट्ट्यात वारा पाठीवर होता आणि अरोहाची पाठ समोर. ती जवळ येत गेली, येत गेली, आणि रेषा आली तेव्हा दोघींत चार यार्डांचं अंतर उरलं होतं. कायदा पहिला आला आणि विज्ञान दुसरं.

ऋचा रडत होती. "आय रिअली थॉट आय गॉट यू, ताई. आय रुइन्ड इट."

"तुझा हात पोचला नाही आणि मी वाऱ्याला खो समजले," संपदा धापा टाकत म्हणाली. "अर्धी चूक तुझी, अर्धी माझी. रडायचं असेल तर अर्धंच रड."

तंबूत वही उघडली गेली. ब्रायनने चष्मा लावला, डोक्यावर त्या दिवसापुरती घालायची गवती हॅट चढवली आणि एकेकीला विचारायला सुरुवात केली. हो, हो, हो. संपदाची पाळी आली.

"तुला हात लागला होता का?"

"पहिल्यांदा नाही," संपदा म्हणाली. "दुसऱ्यांदा हो."

ब्रायनचा पेन हवेतच राहिला. त्याने 'हो'चा रकाना पाहिला, 'नाही'चा पाहिला. पेन कुठेही टेकवला असता तर अर्धवट खरं लिहिलं गेलं असतं. कलेची कप्तान म्हणाली की 'नाही' आलं म्हणजे संघ बाद, विषय संपला. तिचा दुसरा नंबर त्यावर अवलंबून होता, त्यामुळे तिचा आवाज जरा चढा होता. मग अरोहाने वही स्वतःकडे ओढली आणि सातवा नियम बोट ठेवून दोनदा वाचला.

"यात लिहिलंय की जिला हात लागला नाही तिची फेरी धरायची नाही," ती म्हणाली. "परत येऊन हात घेऊ नये असं कुठे लिहिलेलं नाही. त्या मुलांच्या डोक्यातच आलं नसेल की कुणी परत येईल म्हणून. हिने जी फेरी पूर्ण केली ती हात लागल्यावरच केली. विज्ञान दुसरं." कायद्याच्या विद्यार्थिनीशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे कलेच्या कप्तानालाही ठाऊक असावं. तिने एक स्कोन उचलला. ब्रायनने 'हो'खाली खूण केली आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, 'परत येऊन.'

फेऱ्यांच्या वेळा वाचल्या गेल्या. संपदाची फेरी, दुसऱ्या घड्याळाने, अठ्ठावन्न पूर्णांक चार सेकंद. अरोहाची एकसष्ट पूर्णांक नऊ. त्या दिवशी यापेक्षा वेगाने कुणी धावलं नव्हतं. ब्रायनने कागद अरोहापुढे ठेवला.

अरोहा संपदाला तंबूबाहेर घेऊन गेली. "गेल्या वर्षी तू वळली नाहीस म्हणून आपण हरलो," ती म्हणाली. "आज वळलीस म्हणून हरलीस."

"हो."

"कठीण गेलं?"

"आयुष्यात एवढं कठीण काही केलं नव्हतं."

अरोहाने मान हलवली. "डनीडिनला तिसरा टप्पा तुझा. चौथा मी धावेन."

दहा महिने संपदाने हे वाक्य ऐकायची वाट पाहिली होती. पण आता ते ऐकलं आणि तिला वाटलं, वाट बघायचे दिवस गेले. "चौथा मी धावेन," ती म्हणाली. "माझी फेरी तुझ्यापेक्षा वेगवान आहे. ब्रायनच्या कागदावर लिहिलंय."

अरोहाने तिच्याकडे जरा वेळ रोखून पाहिलं आणि मग, या मोसमात पहिल्यांदाच, मोकळेपणी हसली. "स्वीट ॲज," ती म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत 'ठरलं'. "चौथा तुझा."

संपदा आनंदाने वेडी व्हायची बाकी होती. तिने मैदानाच्या कडेला जाऊन कराडला फोन लावला. तिकडे सकाळचे साडेसात वाजले असतील, आई अजून मैदानावरच असणार. शिट्टी ऐकू आली, पोरींचा गलका ऐकू आला.

"आई, मी डनीडिनला जाते आहे. शेवटचा टप्पा माझा."

"बरं," आई म्हणाली. "मग काय, जायचं होतंच ना? संघात आहेस म्हटल्यावर नेणारच. शनिवारचा कसा काय फोन? सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे."

"मग ठेवते. मुली थांबल्यात. उद्या बोलू."

संपदा फोन कानाला लावून उभी राहिली. वर्षभरातली सगळ्यांत मोठी बातमी तिने सांगितली होती आणि ती बातमी नव्हतीच. आईच्या लेखी ती कायम संघातच होती. आता ते खरंही झालं होतं. काही न बोलता फोन ठेवला असता तर जगात कुणालाच काही कळलं नसतं, आणि आजचा दिवस आईला कधीच मिळाला नसता.

"थांब, आई. ठेवू नकोस," ती म्हणाली. आणि तिने सगळं सांगितलं. पडलेलं बॅटन, रिकाम्या हाताची फेरी, राखीव खेळाडू, घड्याळ, शंकू, दहा महिन्यांचं खोटं. मग आजची शर्यत, वारा, अकरावं पाऊल. सांगताना मध्ये ती थांबली नाही, थांबली असती तर पुढे बोलता आलं नसतं.

आई लांब कुणाला तरी म्हणाली, "थांबा गं जरा." गलका थांबला.

"म्हणजे दहा महिने तू संघात नव्हतीस."

"नव्हते."

"आणि मी शाळेच्या फळ्यावर तुझं नाव लिहून ठेवलंय. संपदा, विद्यापीठ संघ, न्यूझीलंड. जूनपासून आहे ते. मुली रोज वाचतात."

संपदाला हे माहीत नव्हतं.

"आणि आज मागे वळलीस," आई म्हणाली.

"वळले. तू शिकवलंस त्याच्या उलट केलं."

"उलट कसं? खो मिळाला होता का तुला?"

"नाही."

"मग? खो मिळाल्याशिवाय उठली तर परत जाऊन जागेवर बसायचं आणि पुन्हा खो घ्यायचा, हे पहिल्या दिवशी शिकवलं होतं मी. दिशा त्याच्यानंतर. तुझी दिशा घेऊनच झाली नव्हती अजून." मग आईचा आवाज चढला. "चिडले आहे मी तुझ्यावर. खूप चिडले आहे. त्याचं उद्या बोलू."

"हो."

"फळा पुसते आता."

"कशाला पुसतेस, आई? आता खरं आहे ते. आज झालं खरं."

"आधी लिहिलं तेव्हा खोटं होतं ना? ते पुसायचं," लीलाबाई म्हणाल्या. "पुसून पुन्हा लिहायचं. वेळ किती आली?"

"अठ्ठावन्न पूर्णांक चार."

"गवतावर?"

"गवतावर."

फोन तोंडापासून बाजूला धरून आई मोठ्याने म्हणाली, "कुणीतरी खडू आणा गं. आणि ओलं फडकं."